खिळा मारायचा राहिला

निरगुडे सर गेल्याची बातमी मला ऑफिसच्या पँट्रीत, डबा गरम होत असताना कळली. सिंगापुरातल्या आम्हा मराठी लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'समीरचे बाबा आज सकाळी गेले. उद्या दुपारी मंदाईच्या स्मशानभूमीत अंत्यविधी.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती आणि त्या रांगेतच एका बाईंनी विचारलं होतं, 'उकडीचे मोदक शनिवारी नक्की ना? माझे नेहमीएवढे धरा.' मोदकवाल्या बाईंनी त्यावर होकाराचा अंगठा टाकला. मग पुन्हा जोडलेले हात... मायक्रोवेव्ह वाजत राहिला. 'समीरचे बाबा' एवढीच सरांची ओळख त्या ग्रुपवर होती. आफ्रिकेतल्या एका जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठाचा कारभार ज्यांनी एकापाठोपाठ एक आलेल्या कुलगुरूंच्या हाताखाली सांभाळला, त्या माणसाला शेवटी नावही उरलं नव्हतं.

मी जामखेडचा. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला आणि पदवी घेतलेला अजूनपर्यंत तरी एकटाच. त्याचं बरंचसं श्रेय निरगुडे सरांचं आहे. हे मी कुणाला सांगायला लागलो की लोक कौतुकानं मान हलवतात आणि विषय बदलतात. म्हणून ते इथे लिहून ठेवतो. सर निवृत्त होऊन आफ्रिकेतून परत आले ते पुण्यात न राहता आपल्या जन्मगावी, जामखेडला आले. एसटी स्टँडच्या मागे त्यांनी दोन खोल्यांचं साधं घर बांधलं आणि ओट्यावर आम्हा पोरांना गणित आणि इंग्रजी शिकवायला बसले. फी नव्हती. सरांच्या पत्नी मालतीकाकू वर चहा द्यायच्या. गणित तर त्यांनी शिकवलंच, पण माझ्या जास्त उपयोगी पडली ती वेगळीच गोष्ट. कुणाच्याही खोलीत कसं शिरायचं, हे त्यांनी मला शिकवलं. आमच्याकडे साहेबाच्या दारात गेलं की आधी पाठ वाकते. सर मला घराबाहेर उभं करायचे आणि स्वतः आत साहेब होऊन बसायचे. "दार वाजव. 'येऊ का' असं एकदाच विचार. दोनदा नाही. आत आलास की माफी मागू नकोस, अजून तू काही केलेलं नाहीयेस." मी चुकलो की काकू आतून ओरडायच्या, "अहो, पोराला आत तरी येऊ द्या, चहा गार होतोय." पुढे पुण्यातल्या कॉलेजात, मग नोकरीच्या मुलाखतीत, मग इथे सिंगापुरात, प्रत्येक दारात मला तो ओटा आठवत आला आहे.

त्यांच्या आतल्या खोलीत कपाटावर चादरीत गुंडाळलेली एक मोठी चौकट होती. मला वाटायचं आरसा असेल. एकदा दिवाळीच्या साफसफाईत ती खाली उतरवायला मी हात लावला. चादर सरकली, तर आत एका आफ्रिकी माणसाची तसबीर. काळा गाऊन, रुंद कपाळ, जाड भिंगांचा चष्मा आणि ओठांवर आता हसू की नंतर हसू असा भाव. चौकट तिकडच्या कसल्याशा लाकडाची, दगडासारखी जड. "हे डॉक्टर तेम्बो," सर म्हणाले. "आमचे तिसरे कुलगुरू. यांना भिंतीवर लावायचं राहिलंय." मी भाबडेपणानं म्हणालो, "सर, मी आणतो खिळा, आत्ता लावू." सर एकदम म्हणाले, "या भिंतीवर नाही रे." आणि मग त्यांनी मला त्या विद्यापीठाची प्रथा सांगितली.

ते विद्यापीठ त्या देशातलं सगळ्यात जुनं. टेकडीवर दगडी इमारती, मधे घड्याळाचा मनोरा, आणि सिनेटच्या सभागृहात कुलगुरूंच्या तसबिरींची ओळ. प्रथा अशी होती की, नव्या कुलगुरूनं पहिल्या दिवशी आपल्या खुर्चीत बसण्याआधी त्या सभागृहात जायचं आणि आधीच्या कुलगुरूची तसबीर स्वतःच्या हातानं भिंतीवर लावायची. शिपायानं नाही, सुतारानं नाही. खिळाही त्यानंच ठोकायचा. कुलसचिवानं फक्त हातोडी पुढे करायची. सर आधी तिथे गणित शिकवायला गेले आणि पुढे त्याच विद्यापीठाचे कुलसचिव झाले. ती हातोडी अनेक वर्षं त्यांच्या कपाटात होती. "यात फार शहाणपण होतं बघ," सर म्हणायचे. "आधीच्या माणसाशी तुझं पटो न पटो, त्याच्यासाठी एक खिळा मारायचा आणि मगच त्याच्या खुर्चीत बसायचं."

पहिले कुलगुरू इंग्रज होते. दुसरे तिथलेच. त्या इंग्रजानं त्यांना आयुष्यभर तुच्छतेनं वागवलं होतं. तरी त्यांनी खिळा मारला आणि खाली उतरून म्हणाले, "आता हा माणूस माझ्याकडे वरून बघणार. तसा तो नेहमी वरूनच बघायचा." तिसरे तेम्बो. त्यांनी दुसऱ्यांची तसबीर लावताना स्वतःच्याच अंगठ्यावर हातोडी मारून घेतली आणि अंगठा तोंडात धरून सगळ्या सिनेटसमोर खो-खो हसले. हे सांगताना सरही हसायचे.

तेम्बोंच्या काळात विद्यार्थ्यांचा संप झाला. सरकारनं सांगितलं, अमुक एका जिल्ह्यातली मुलं काढून टाका, सगळं आपोआप शांत होईल. तेम्बो म्हणाले, "त्यांना मी गुण बघून घेतलंय, गुण बघूनच काढीन." आठवड्याच्या आत त्यांनाच काढण्यात आलं. खटला नाही, चौकशी नाही. पुढे ते आपल्या गावी शेती करत राहिले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. त्यांच्या जागी आलेले चौथे कुलगुरू मंत्र्यांच्या बैठकीतले. सर पहिल्या दिवशी हातोडी घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले, तर ते म्हणाले, "निरगुडे, वातावरण जरा निवळू दे." ते काही निवळलं नाही, किंवा फार लवकर निवळलं असेल. पाचवे आले ते पेशानं डॉक्टर. त्यांनी चौथ्यांची तसबीर शिस्तीत लावली. सरांनी हळूच सांगितलं, "सर, मधली एक राहिली आहे." ते म्हणाले, "माझ्या आधीचा मी लावला. त्याच्या आधीचा माझा पेशंट नाही." सहाव्यांनी सभागृहाचं नूतनीकरण करून भिंतींना लाकडी तक्ते बसवले, आणि त्यांचं म्हणणं पडलं की आता नवीन खिळा मारला तर तक्ता चिरेल. जुन्या तसबिरी मात्र त्याच तक्त्यांवर पुन्हा लागल्या. दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधे जागा तरी राहिली होती, ती या वेळी चौकटी सरकवून भरून टाकली.

सर निवृत्त झाले तेव्हा हेच सहावे कुलगुरू होते. "ती तसबीर तुमच्याकडेच असू द्या," ते म्हणाले, "तुमच्याशिवाय कुणाला तिची आठवण आहे?" सरांनी तसबीर घेतली. हातोडी मात्र विद्यापीठाची म्हणून परत केली. असा माणूस. आणि ती तसबीर आपल्या घरात त्यांनी कधीही भिंतीवर लावली नाही. "मी ती नेली नाहीये, सांभाळतोय," ते म्हणायचे. दर नव्या कुलगुरूची नेमणूक झाली की सर जामखेडहून अभिनंदनाचं पत्र पाठवायचे आणि शेवटी एका ओळीत तसबिरीची आठवण करून द्यायचे. अभिनंदनाबद्दल आभार यायचे. त्या ओळीबद्दल काही यायचं नाही.

काकू गेल्या आणि समीरनं सरांना सिंगापूरला आणलं. समीर त्यांचा एकुलता एक मुलगा, इथे एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, बुओना व्हिस्टाला त्याचा काँडो, म्हणजे उंची सोसायटीतला फ्लॅट, आहे. तो वाईट मुलगा नव्हे. त्यानं वडिलांना स्वतंत्र खोली दिली, चांगला डॉक्टर दिला, दर वर्षी त्यांचा लाँग टर्म व्हिजिट पास वाढवून घेतला. सर त्या पासाला 'दीर्घ मुदतीचा पाहुणा' म्हणायचे. तसबीर अर्थातच बरोबर आली होती. विमानात कपडे कमी केले, पण ती आणली. समीर आणि त्याची बायको प्राजक्ता यांची मुलगी अन्वी तिच्याभोवती फिरून इथल्या लकबीच्या इंग्रजीत म्हणाली होती, "सो हेवी लाह, आजोबा. फॉर व्हॉट?" सर म्हणाले, "परत द्यायचीये बाळा." "देन पोस्ट इट, लाह." सर मला हे सांगून म्हणाले, "बघ भारतराव, इतक्या कुलगुरूंना जे सुचलं नाही ते हिला सुचलं." पण पोस्टानं ते पाठवणार नव्हते. ती कुणाच्या तरी हातात द्यायची होती. खिळा मारणाऱ्या हातात.

माझं ऑफिस त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी राहायला वुडलँड्सला, कारण तिकडे भाडं परवडतं. शनिवारी मी त्यांना घेऊन हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जायचो. बिनसाखरेची काळी कॉफी त्यांना आवडायची. ते रांगेत उभे राहून "कोपी ओ कोसोंग" असं इतकं स्वच्छ म्हणायचे की दुकानदार आजी त्यांना "प्रोफेसर अंकल" म्हणू लागल्या. "रजिस्ट्रार," सर दर वेळी दुरुस्त करायचे. आजी दर वेळी म्हणायच्या, "सेम सेम, लाह."

गेल्या वर्षी एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज बदललेला होता. त्या विद्यापीठाच्या आताच्या कुलगुरू एका परिषदेसाठी सिंगापूरला येणार होत्या आणि सरांच्या पत्राला या वेळी उत्तर आलं होतं. जुरोंग ईस्टच्या एका हॉटेलात, दोन सत्रांच्या मधे, त्या भेटायला तयार होत्या. "तू येशील ना? चौकट मला एकट्याला उचलवत नाही." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सरांनी सूट घातला होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि बाहेर अंगातून पाणी निघेल अशी हवा. तसबिरीची काच त्यांनी घासूनपुसून लख्ख केली होती. मागच्या बाजूला, आपल्याकडे ट्रंकेवर लिहितात तसं, स्वतःचं नाव आणि फोन नंबर चिकटवला होता, प्रवासात हरवू नये म्हणून.

बैठकीच्या खोलीचं दार उघडंच होतं. सरांनी तरी ते वाजवलं. "येऊ का?" एकदाच विचारलं. ज्या माणसानं मला दारात उभं राहायला शिकवलं, त्याला मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी दारात उभं असलेलं बघत होतो.

कुलगुरूबाई छान होत्या. हे मला मुद्दाम लिहिलं पाहिजे, कारण वाईट माणसावर राग काढणं सोपं असतं. त्या उठून पुढे आल्या, सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "प्रोफेसर, तुम्ही म्हणजे आमचा चालताबोलता इतिहास!"

"रजिस्ट्रार," सर म्हणाले. "मॅडम, ती प्रथा अजून चालू आहे ना? पहिल्या दिवशीची?"

"कोणती?"

सरांनी सांगितली. हातोडी, खिळा, आधीचा माणूस. बाई मनापासून हसल्या. "किती सुंदर! आता आमच्याकडे टचस्क्रीन आहे. बोट लावलं की सगळे कुलगुरू एकामागून एक येतात."

"सगळे?"

"सगळे."

त्यांच्याबरोबर आलेल्या तरुण सहायकानं लगेच आपल्या फोनवर ते पान उघडून सरांपुढे धरलं. सरांनी चष्मा नीट केला. बोटानं पहिला सरकवला, दुसरा आला. दुसरा सरकवला, चौथा आला. सरांनी मागे सरकवलं, दुसरा. पुढे सरकवलं, चौथा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे... सहायकाला वाटलं यांना फोन जमत नाहीये, म्हणून तो मदतीला वाकला.

"मधलं एक पान राहिलंय," सर अतिशय अदबीनं म्हणाले आणि मी चादर काढली.

बाई क्षणभर त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना तो ओळखू आला होता, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यांनी सहायकाकडे पाहिलं, आणि परत सरांकडे. "हे दुरुस्त व्हायलाच हवं," त्या म्हणाल्या. "आम्ही यांना घेऊन जाऊ. जुन्या वस्तूंच्या दालनात चांगली जागा देऊ."

"सिनेटच्या सभागृहात, मॅडम. दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधे."

"नक्कीच, नक्कीच."

फोटो निघाले. सर तसबीर छातीशी धरून मधे, एका बाजूला बाई. सरांच्या चेहऱ्यावर असं हसू मी जामखेडलाही पाहिलं नव्हतं. पुढच्या सत्राची घंटा झाली. सहायकानं तसबीर भिंतीला टेकवून ठेवली. खोलीबाहेर पडताना सरांनी एकदा वळून पाहिलं, तसबिरीकडे नाही, भिंतीकडे. खिळा कुठे आहे का, हे बघायची जुनी सवय.

त्या संध्याकाळी सर म्हणाले, "आज गोड खायचं." आम्ही हॉकर सेंटरला बसून बर्फाचा तो रंगीत डोंगर खाल्ला, आइस कचांग. त्यांच्या सुटावर लाल सरबत सांडलं. "जाऊ दे," ते म्हणाले, "हा सूट आता कुठे घालायचाय?" विद्यापीठाच्या फेसबुक पानावर तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'सिंगापुरातील एका भारतीय हितचिंतकासमवेत.' नाव नव्हतं. मला राग आला. सर म्हणाले, "माझं नाव कशाला हवंय? त्यांचं येऊ दे."

काही दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. "भारतराव, जरा स्टेशनवर येतोस? चौकट जड झालीय." मला कळेना. धावत बुओना व्हिस्टा स्टेशनला गेलो. बाकावर सर बसले होते, मांडीवर तसबीर, हॉटेलच्या कागदात अर्धवट गुंडाळलेली. हॉटेलच्या हाउसकीपिंगमधून त्यांना फोन आला होता. त्या पाहुण्या बाईंची खोली रिकामी झाली, कपाटात एक पिक्चर फ्रेम राहिली आहे, मागे तुमचा नंबर आहे, घेऊन जाल का? ते घरात कुणालाही न सांगता एकटे जुरोंग ईस्टला गेले आणि एमआरटीनं, इथल्या मेट्रोनं, ती घेऊन आले.

मी म्हणालो, "सर, विसरल्या असतील. मी मेल करतो."

"नको. मेल केलास तर उत्तर येईल. फार चांगल्या भाषेत येईल."

"मग सामान जास्त झालं असेल..."

"असेल." त्यांनी तसबिरीवरचा कागद सारखा केला. "त्यांच्यावर राग नको धरूस. त्या बाईला तिथे परत जायचंय, नोकरी करायचीये. त्या वेळचेच लोक आहेत अजून वर, त्यांची मुलं आहेत. मी समजू शकतो. मी कुलसचिव होतो रे, माझं कामच समजून घेण्याचं होतं."

गाड्या येत होत्या, जात होत्या. दारं उघडत होती, बंद होत होती. मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तेम्बोंना काढलं आणि चौथे आले, त्याच्या मधे काही आठवडे कुलगुरूपद रिकामं होतं. त्या काळात प्रभारी कुलगुरू म्हणून सह्या करत होते ते स्वतः सर.

"तुम्ही?" मी म्हणालो.

"मी. हातोडी माझ्याच कपाटात. तसबीर तयार होऊन आलेली, माझ्याच खोलीत. सभागृहाची किल्ली माझ्याकडे." ते समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होते. "मला वाटलं, आपण प्रभारी. प्रभारीनं खिळा मारायचा नसतो. नियमात नवा कुलगुरू असं म्हटलंय, तर येऊ दे नवा कुलगुरू. नियमात प्रभारी हा शब्दच नव्हता. म्हणजे मनाईही नव्हती म्हणा..."

"भीती वाटली होती का, सर?"

"वाटली असती तर बरं झालं असतं. भ्यालो असं सांगता तरी आलं असतं. नाही रे. मला ते नियमाला धरून वाटलं नाही, बस." मग म्हणाले, "त्याच दिवसांत तेम्बो एकदा आपली पुस्तकं न्यायला आले होते. सभागृहाचं दार उघडं होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. हात मिळवला आणि विचारलं, 'सगळं नियमानुसार चाललंय ना, रजिस्ट्रार?' मी म्हणालो, 'होय सर, नियमानुसार.'"

मी त्या माणसाचा आयुष्यभराचा ऋणी आहे. तरी त्या बाकावर मला त्यांचा राग आला. पहिल्यांदाच आला, आणि अजून पुरता गेलेला नाही. मी म्हणालो, "सर, एकच खिळा होता हो."

"हो," ते म्हणाले. "एकच."

चौकट उचलून मी त्यांच्याबरोबर काँडोपर्यंत चालत गेलो. त्यानंतरच्या शनिवारी ते कॉफीला आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी आले, पण आजींनी "प्रोफेसर अंकल" म्हटल्यावर त्यांनी दुरुस्त केलं नाही. आजींनी माझ्याकडे पाहिलं. तसबीर त्यांच्या खोलीत कपाटाच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवली होती. पावसाळी हवेत त्यांना खोकला झाला, तो बरा झाला, आणि एका सकाळी ते उठलेच नाहीत. समीर चहा घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

शोकसभा काँडोच्या फंक्शन रूममध्ये झाली. त्याच खोलीत आधीच्या आठवड्यात कुणाचा तरी वाढदिवस झाला असावा, छताला एक फुगा चिकटून राहिला होता. इथल्या मराठी मंडळाचे एक गृहस्थ म्हणाले, "काकांनी आफ्रिकेत बरीच वर्षं सर्व्हिस केली." दुसऱ्या एकानं मला हळूच विचारलं, "आफ्रिकेत म्हणजे बिझनेस का?" मी म्हणालो, "विद्यापीठ." "अच्छा, तिकडे पण आहेत का?" मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी तेम्बोंपासून सुरुवात केली, तेव्हा समोरच्या रांगेतले लोक समीरकडे बघू लागले, हा कुणाबद्दल बोलतोय म्हणून. मी आटोपतं घेतलं. समीरच्या हॉलमध्ये एक डिजिटल फ्रेम आहे. तीत सर येतात, बालीच्या सहलीनंतर आणि अन्वीच्या नाचाच्या आधी, काही सेकंद. मग सरकून जातात. मला त्या सहायकाचा फोन आठवला.

काही आठवड्यांनी समीरनं मला बोलावलं. खोली रिकामी करायची होती, अन्वीला अभ्यासाला हवी होती. "ही फ्रेम तुला हवीय का रे? प्राजक्ता म्हणत होती, कुठे डोनेट करता येईल का. पण यांना कोण घेणार?" त्याच्या बोलण्यात अपमान नव्हता. तो खरंच विचारत होता. मी तसबीर उचलली आणि एमआरटीनं वुडलँड्सला निघालो. गर्दी होती. एका चिनी आजीबाईंनी आपल्या पायाशी तिला जागा करून दिली आणि काचेत वाकून बघत विचारलं, "युअर बॉस आ?" मी म्हणालो, "माझ्या सरांचे." त्यांनी तसबिरीला मान लववून नमस्कार केला. एवढ्या वर्षांत त्या चेहऱ्याला मिळालेला तो पहिला नमस्कार असेल.

आमचा फ्लॅट भाड्याचा. करारात स्पष्ट लिहिलंय, भिंतीला खिळा मारायचा नाही, भोक पाडायचं नाही. चिकटवायचा हूक चालतो, पण त्या चौकटीचं वजन कुठलाही चिकट हूक पेलणार नाही. काही दिवस ती सोफ्याशेजारी जमिनीवर टेकून उभी होती. बायको म्हणाली, "घरमालकाला विचार ना." मी फोन काढून घरमालक लिम अंकलना मेसेज लिहिला. अतिशय अदबीनं. एक छोटं भोक, घर सोडताना बुजवून देईन, कृपया परवानगी मिळावी... लिहून झाल्यावर मी तो पुन्हा वाचला. ही भाषा माझी नव्हती. ही ओट्यावर शिकलेली भाषा होती. येऊ का, म्हणून एकदाच विचारायचं. आणि ते नाही म्हणाले तर थांबायचं. मग घर बदलेपर्यंत थांबायचं, मग पुढच्या घरमालकाला विचारायचं...

मेसेज मी पुसून टाकला. खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजाऱ्याकडून ड्रिल आणलं, कारण इथल्या काँक्रीटच्या भिंतीत खिळा नुसता ठोकून शिरत नाही. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, अंकल काय म्हणतील?" मी म्हणालो, "विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. आणि मग मी ऐकलं असतं."

डॉक्टर तेम्बो आता आमच्या टीव्हीच्या वर आहेत. भोक जरासं तिरकं गेलं, त्यामुळे चौकट किंचित डावीकडे कलते आणि मी येता-जाता ती सरळ करतो. ही ती भिंत नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्या डावीकडे दुसरे कुलगुरू नाहीत, उजवीकडे चौथे नाहीत. एका बाजूला एसी आहे आणि दुसऱ्या बाजूला आमचं देवघर. टेकडीवरच्या त्या सभागृहात दोन चौकटी अजून एकमेकींना चिकटून असतील आणि पुढचा कुणी येईल त्याला मधे जागा होती हे कळणारही नाही. या घरात मीही प्रभारीच आहे. करार संपला की जाणार. पण सर, खिळा मारलाय.